लोकांना सांगा

मामंजींनी मला तैलरंगात फुलं रंगवायला शिकवलं, आणि त्या चार वर्षांत ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. माझ्या नाती हे ऐकून हसतात. आजी, काहीतरीच सांगतेस, म्हणतात. त्यांचे सासरे त्यांना नावाने हाक मारून चहा झाला का विचारतात, त्यांना काय कळणार? आमच्या वेळी सासऱ्याने सुनेशी बोलायचं नाही आणि सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, हा साधा रिवाज होता. ठाण्यात आमच्यासारख्या घराघरांतून तो पाळला जाई आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. मलाही वाटलं नसतं. पण ज्या माणसाने आपल्या हातात कुंचला दिला, त्याने आपल्याला जमलं की नाही एवढं तरी आपल्या तोंडाने सांगावं, असं मला वाटायला लागलं. पुढे पुढे तर दुसरं काही हवंसंच वाटेना.

मामंजी सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढत. ठाणे आणि कल्याणच्या मधल्या रस्त्यांवरच्या कितीतरी मोऱ्या आणि लहान पूल त्यांच्या हातून कागदावर उतरले होते. मी लग्न होऊन कल्याणहून आले तेव्हा त्यांना पेन्शन लागून वर्ष झालं होतं. उंच, किंचित पोक आलेला माणूस. नोकरी सुटली तरी नजर सुटली नव्हती. जेवायला पाट मांडले की ते बसण्याआधी आपला पाट पायाने इंचभर सरकवून शेजारच्याशी ओळीत आणत. देवघरातली समई, ओटीवरची घडवंची, खुंटीवरची पगडी, सगळं त्यांना सरळ लागे. सासूबाई म्हणत, “माझ्या कपाळावरचं कुंकूसुद्धा पट्टी लावून बघतील एखाद्या दिवशी.”

रंगांचा नाद त्यांना एका साहेबाच्या मड्डमेमुळे लागला होता. ती फुलांची चित्रं काढी आणि कापड ताणून, त्याला सरस आणि पांढरा सफेता लावून द्यायला मामंजींना बंगल्यावर बोलावी. ते काम झाल्यावर ते दाराशी उभे राहत आणि ती काय करते ते बघत. ती त्यांना शिकवत नव्हती आणि बोलतही नव्हती. सहा वर्षं ते असे उभ्याउभ्या शिकले. विलायतेला परत जाताना तिने आपली रंगांची पेटी त्यांना देऊन टाकली. मामंजींनी तिच्यात रंग भरत ठेवले, मुंबईहून नळ्या मागवल्या, पण स्वतः काढलेलं एकही चित्र त्यांनी भिंतीवर लावलं नाही. नकाशाच्या सवयीने आपला हात रेघेपाशी थांबतो, फुलापर्यंत जात नाही, असं ते सासूबाईंना म्हणाले होते. सासूबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांना स्वतःला त्यातलं अवाक्षर कळलं नव्हतं. मला मात्र ते कळलं.

माझी शिकवणी पूजेच्या तबकापासून सुरू झाली. सकाळी देवासाठी फुलं काढून तबकात ठेवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी आधी तुळशी पसरायची, तिच्यावर पांढरी तगर, आणि जास्वंद एकच, कडेला. कुणी शिकवलं नव्हतं, तसं केलं की बरं दिसे म्हणून करत होते. पाच-सहा दिवस झाल्यावर मामंजींनी पूजेला बसता बसता सासूबाईंना विचारलं, तबक कोण मांडतं? सासूबाई म्हणाल्या, सून मांडते, का, काही चुकलं का? मामंजी तबकाकडे बघत राहिले. त्या दिवशी पूजेला बराच उशीर झाला. मग त्यांनी तबक तसंच बाजूला ठेवायला सांगितलं आणि देवासाठी दुसरी फुलं आणवली. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होते. मला वाटलं, फुलांना विटाळ झाला.

दुसऱ्या दिवशी ते ओटीवर पेटी उघडून बसले आणि सासूबाईंना म्हणाले, “लोकांना सांगा, स्वयंपाक उरकला की इकडे यावं.”

ते लोक म्हणजे मी. पुढे चार वर्षं मी लोकच होते. लोकांना सांगा, तांब्या कलंडतोय. लोकांना सांगा, घाई करू नये. हे, म्हणजे माझे यजमान, मुंबईला वकिलाच्या कचेरीत होते, आठवड्याने घरी येत. ते आले की मला हळूच विचारत, “काय लोकहो, आज काय काय शिकलात?”

शिकवण्याची तऱ्हा अशी, की मी लाकडी घोडीवर टेकवलेल्या कापडासमोर पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसायची. माझ्या मागे चार हातांवर मामंजी. आणि आमच्या दोघांच्या मध्ये दाराच्या चौकटीत सासूबाई, मांडीवर सूप आणि सुपात तांदूळ. मामंजी म्हणत, सावलीत काळा घालू नये, सावलीलाही रंग असतो. मी ते ऐकलेलं असे. सासूबाई तरी ते मला पुन्हा सांगत, “सावलीलाही रंग असतो म्हणतात. असेल बाई.” मग मी काळा पुसायची. सासूबाईंनी सांगितल्याशिवाय हात हलवायचा नाही, असं मला कुणी म्हटलं नव्हतं, पण हलवला तर मी त्यांचं बोलणं थेट ऐकलं असं झालं असतं.

सासूबाई घरात नसल्या की मामंजी वस्तूंशी बोलत. तांब्याकडे बघून म्हणत, “तुझं तोंड गोल आहे हे खरं, पण इथून दिसतं का गोल? इथून तर तू मिटत आलेल्या डोळ्यासारखा दिसतोस.” मी ते तोंड पुसून चपटं करायची. एकदा तर त्यांनी खुंटीवरच्या पगडीला अर्धा तास उजेड म्हणजे काय ते समजावून दिलं. ते इतकं मन लावून बोलत की मला हसूही येत नसे. उलट वाटे, पगडीचं नशीब.

पहिले चार महिने नुसता तांब्या. आधी कोळशाने, मग एकाच तपकिरी रंगात. मला वीट आला होता. सासूबाईंना तर त्याहून आला होता. पण तांदूळ निवडता निवडता रोज बघून बघून त्यांची नजर अशी तयार झाली, की मामंजी काही बोलण्याआधीच त्या म्हणत, आज याचं बूड जमिनीला टेकलेलं नाही, उचलायला गेलं की पाणी सांडेल. मामंजी म्हणत, बरोबर आहे. सासूबाई कुंचला हातात न धरता चित्रकला शिकल्या, असं मी अजून म्हणते.

मग एक दिवस निरोप आला की लोकांना सांगा, उद्या फुलं हवीत. मी पहाटे उठून हौसेने परडीभर फुलं काढली, जशी रोज काढत आले तशी, मानेशी खुडून. देवाच्या फुलाला देठ कोण ठेवतो? मामंजींनी त्यातलं एक जास्वंद उचलून तांब्याच्या तोंडावर ठेवलं. ते टुपकन पाण्यात पडलं. त्यांनी दुसरं ठेवलं. तेही पडलं. अख्ख्या परडीत तांब्यात उभं राहील असं एक फूल नव्हतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मामंजी रागावले नाहीत. ते खूप वेळ परडीकडे बघत बसले आणि मग परसात जाऊन पहिल्यांदाच फूल झाडावर असताना कसं असतं ते आम्हाला दाखवलं. म्हणजे सासूबाईंना दाखवलं, मी मागे होते. फुलाला पाठ असते, मान असते, ते आपल्या वजनाने झुकतं, देवाच्या तबकात त्याचं फक्त तोंड दिसतं, असं म्हणाले.

नौपाड्याकडून एक आगरीण रोज भाजी आणि फुलं घेऊन येई. तिला देठासकट फुलं आणायला सांगितलं तर ती म्हणाली, “देवाला देठ कनाला बाय?” देवाला नाही, सुनेला हवीत, असं सासूबाईंनी सांगितल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ती खायलाच मागितली होती. पण देठासकट आणली बिचारीने.

खरी अडचण पुढे होती. सासूबाईंच्या मते घरात आलेलं पहिलं फूल देवाचं. बरं, पाच फुलं देवाला दिली. मग उरलेली तांब्यात ठेवली तर ती तिसऱ्या दिवशी माना टाकत, आणि सुकलेलं फूल घरात ठेवणं त्यांना अमंगळ वाटे. माझं चित्र अर्धं व्हायचं आणि सासूबाई फुलं उचलून तलावात सोडून यायच्या. मामंजी म्हणाले, ही देवाला वाहिलेली नाहीत, मग निर्माल्य कसं? सासूबाई म्हणाल्या, न वाहता सुकवली हे तर त्याहून वाईट. नवरा-बायकोची ही वादावादी महिनाभर चालली आणि शेवटी मामंजी हरले. तिसऱ्या दिवशी ताजी फुलं, त्याच जागी, त्याच कलाने. त्यातून त्यांनी माझ्यासाठी रीत काढली. संध्याकाळी मिटणारी जास्वंद आधी रंगवायची, मग तगर, आणि चार दिवस टिकणारी शेवंती सगळ्यांत शेवटी. सासूबाईंना म्हणाले, “लोकांना सांगा, ज्याला गाडी गाठायची आहे त्याला आधी वाढायचं असतं.” हे मला इतकं पटलं की पुढे मुलांच्या बाबतीत, दुखण्याखुपण्यात, सगळ्या संसारात मी तेच करत आले.

तिसऱ्या वर्षी मला एक गोष्ट लक्षात यायला लागली. मामंजी माझ्या मागे चार हातांवर बसायचे ते सहा हातांवर बसू लागले. मग ओटीच्या टोकाला. मग अंगणात उतरून तिथून बघू लागले. घोडी उजेडात ओढा, आणखी उजेडात ओढा, असं सारखं सांगत. एकदा मागे सरकता सरकता त्यांची पाठ तुळशीवृंदावनावर आदळली. सासूबाई हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. त्याच आठवड्यात मामंजींनी पाण्याचं भांडं चौरंगाच्या कडेबाहेर ठेवलं आणि ते खाली पडलं. त्यांनी ते जिथे ठेवलं तिथे चौरंग नव्हताच. सगळ्या वस्तू ओळीत ठेवणारा माणूस तो.

ह्यांनी त्यांना मोठ्या सरकारी डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हा मोतीबिंदू नव्हता. डोळ्याच्या आतली शीर सुकत चालली होती, कडांकडून आत. मामंजी सासूबाईंना म्हणाले, नळीतून बघितल्यासारखं दिसतं. एक फूल दिसतं, पण त्याच्या शेजारचं दिसत नाही. दोन्ही एकदम बघायची तर लांब जावं लागतं. म्हणून ते लांब लांब चालले होते. किती दिवस, ते डॉक्टरने सांगितलं नव्हतं. वर्षभर, असं मामंजी स्वतः म्हणाले. आणि मग म्हणाले, “आपल्या घरात केलेलं फुलांचं एक चित्र पुरतं बघायला मिळावं. बाकी बघायचं ते बघून झालंय.”

हे मी दाराआडून ऐकलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या दोन इच्छांची एक इच्छा झाली होती. त्यांचे डोळे असेतो चित्र पुरं व्हायला हवं होतं, आणि ते बघून त्यांनी मला सांगायला हवं होतं.

कार्तिकात मी ते चित्र धरलं. पितळेचा तांब्या, जास्वंद, तगर, पिवळी शेवंती, मागे मातीची भिंत. एवढं चांगलं मला आधी कधी जमलं नव्हतं. शेवंती उरली होती तेव्हा रंग पातळ करायचं तेल संपलं. ते जवसाचं तेल मुंबईहून येई. मामंजी त्या दिवशी ह्यांच्याबरोबर डॉक्टरकडे गेले होते. मी सासूबाईंना म्हटलं, मामंजी आले की विचाराल का, तेल नाही, काय करू? सासूबाई वाटणावर बसल्या होत्या. म्हणाल्या, “त्यात काय विचारायचं? तेल ते तेल.” आणि दिव्याच्या बुधल्यातलं खोबरेल वाटीत ओतून दिलं. मला मनात कुठेतरी वाटलं की विचारावं. पण मामंजी घरी आले ते इतके खचून आले होते की सासूबाईंनी तेलाचं काढलंच नाही. आणि मी कशी काढणार? ते चार हातांवर बसले होते आणि मी विचारू शकत नव्हते. मी खोबरेलात शेवंती रंगवली, आणि ते तेल इतकं छान पसरतं म्हणून जास्वंदीवर आणि तगरीवरही पुन्हा एक हात फिरवला.

त्या वर्षी थंडी कडक पडली. बुधल्यातलं खोबरेल थिजून पांढरं होत होतं, चित्रातलंही थिजलं असणार. मामंजींनी सकाळी नखाच्या पाठीने स्पर्श करून बघितला आणि म्हणाले, वाळलंय. दुपारी चित्र जरा चकाके. मला वाटे, तैलरंगाची म्हणतात ती चमक हीच. सुताराकडून चौकट आली. मामंजींनी सासूबाईंना सांगितलं, आता घाईने बघायचं नाही, पाडव्याला लख्ख उन्हात अंगणात ठेवू, मी फाटकापाशी जाऊन पुरतं बघेन आणि मग काय ते सांगेन. तोवर चित्र माजघरात झाकून ठेवलं. मी दिवस मोजत होते, दुसरं काय.

पाडव्याला गुढी उभारून झाली. ह्यांनी चित्र उन्हात ठेवलं. मामंजी चालत फाटकापाशी गेले, वळले, कपाळावर हाताची छपरी केली आणि बघू लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, चित्राकडे नाही. म्हणून आधी सासूबाईंना दिसलं. त्यांनी माझा दंड धरला. जास्वंद खाली यायला लागली होती. लाल रंग तांब्यावरून ओघळत होता, शेवंतीच्या पाकळ्या एकमेकींत वितळत होत्या, आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या मामंजींना त्यातलं काहीच कळत नव्हतं. ते बघत होते. नळीतून त्यांना जे काही दिसत होतं ते त्यांना चांगलं दिसत असावं, कारण त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा होत चालला होता. मी तो चेहरा विसरले नाही.

मग ते जवळ आले. चित्रापासून हातभर अंतरावर थांबले आणि त्यांनी वास घेतला. डोळ्यांनी नाही, नाकाने ओळखलं त्यांनी. “हे खोबरेल आहे,” म्हणाले.

सासूबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, “मी दिलं. तिने तुम्हाला विचारायला सांगितलं होतं, मी विचारलं नाही. ती चार हातांवर होती, तुम्ही चार हातांवर होतात, आणि माझ्यासारख्या अडाणी बाईवर तुम्ही सगळं सोपवलंत.” इतकं तोडून त्या त्यांच्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मामंजींनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि फाटकाबाहेर निघून गेले. दिवस मावळेपर्यंत तलावाच्या पायऱ्यांवर बसले होते, असं ह्यांनी सांगितलं.

मला खात्री होती की आता ते बोलतील. रागाने का होईना, बोलतील. दुसऱ्या दिवशी ते ओटीवर आले, बसले आणि सासूबाईंना म्हणाले, लोकांना सांगा, कापड खरवडून पुन्हा धरावं.

माझं डोकंच फिरलं. मी कापड खरवडलं, पाटीसारखं साफ केलं, पेटी बंद केली आणि कुंचल्याला हात लावला नाही. स्वयंपाक उरकला की मी परसात जाऊन बसायची. सासूबाई दोन-तीनदा निरोप घेऊन आल्या आणि माझा चेहरा बघून परत गेल्या. मला दिवसही गेले होते, तेवढं निमित्त पुरत होतं. पण खरं सांगायचं तर मी रुसले होते, आणि मी रुसले होते ते अशा माणसावर ज्याच्या डोळ्यांचे दिवस मोजलेले होते. त्या एका गोष्टीची मला आजही लाज वाटते. त्यांनी बोलायला हवं होतं म्हणून मी हटून बसले. मीसुद्धा चार वर्षांत त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

आषाढात बाळंतपणाला कल्याणला निघाले तेव्हा सासूबाईंनी माझ्या पेटाऱ्यात साड्यांच्या खाली काहीतरी घातलं. माहेरी उघडून बघते तर रंगांची पेटी. मड्डमेची पेटी. ती द्यायला मामंजींनी सांगितलं की सासूबाईंनी आपणहून दिली, हे मला कधी कळलं नाही.

मुलगा झाला. माझं अंग सावरल्यावर, मार्गशीर्षात, मी माहेरच्या पडवीत पुन्हा तांब्या मांडला. आई म्हणाली, हे काय नवीन खूळ? मी म्हटलं, हे खूळ नाही, सासऱ्यांचं राहिलेलं काम आहे. कल्याणच्या पेठेत घाटावरून जवसाचं तेल येई. खोबरेल नुसतं थिजतं, वाळत नाही, हा धडा मिळाला होता, म्हणून वडिलांनी आणून दिलेल्या तेलावरही मी भरवसा ठेवला नाही. काचेच्या तुकड्यावर एक थेंब पसरून आठवडाभर वाट बघितली, बोटाला चिकटेना झाला तेव्हाच कापडाला लावला. मूल झोपलं की रंगवायची, रडलं की उठायची. आधी जास्वंद, मग तगर, मग शेवंती. तगर मनासारखी उतरेना. पांढऱ्या फुलाला मागच्या भिंतीपासून सोडवायचं कसं, ते मला माहीत होतं आणि हात धजत नव्हता. तिच्यावर पुन्हा पुन्हा रंग चढवत राहिले, ठाण्याला निघायच्या आदल्या दिवसापर्यंत.

ह्यांनी चित्र दोन फळ्यांच्या मध्ये बांधून गाडीत आपल्या मांडीवर आणलं. घरी पोचले, सासूबाईंनी मुलावरून तुकडा ओवाळून टाकला, मुलाला घेतलं आणि मला आत नेऊन सांगितलं की मामंजींना आता काही दिसत नाही. उरलंसुरलं कार्तिकात गेलं. बाळंतिणीला कळवू नका, असं त्यांनीच बजावलं होतं. मी बांधलेल्या फळ्यांकडे बघत उभी राहिले. मला रडूसुद्धा आलं नाही. रुसण्यात गेलेले ते तीन महिने आणि माहेरचे हे सहा, मी मनात एकेक करून मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आल्यावर मी चित्र घोडीवर ठेवलं. का ठेवलं, सांगता यायचं नाही. घोडीचा आवाज ऐकून मामंजी भिंतीला हात लावत ओटीवर आले. पायरी उतरले, पावलं मोजत अंगणात गेले आणि मागे जिथे उभे राहत त्याच जागी वळून उभे राहिले. सासूबाई मुलाला घेऊन चौकटीत होत्या.

“लोकांना...” मामंजी म्हणाले. सासूबाई पुढे झाल्या. मामंजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“सूनबाई,” ते म्हणाले, “तू सांग. कसं झालंय?”

चार वर्षं जे त्यांच्या तोंडून ऐकायचं म्हणून मी झुरत होते, ते ते मलाच विचारत होते. सासूबाई मागून खुणा करत होत्या, मान हलवत होत्या, डोळ्यांनी विनवत होत्या की छान झालंय म्हण, छान म्हण, आता त्यांना कुठे बघायचंय. आणि ते म्हणणं किती सोपं होतं. तो चेहरा पाडव्यासारखा पुन्हा एकदा मोकळा झाला असता.

“जास्वंद जमलीय,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. “तांब्या टेकलाय. शेवंतीही बरी आहे. तगर जमली नाही. भिंतीत मिसळून गेलीय. तिच्यामागे सावली धरायला हवी होती, तिथे मी घाबरले.”

मामंजींनी मान तिरकी केली. “डावीकडची तगर?”

“हो.”

“ओली आहे अजून?”

“हो. परवाच हात फिरवलाय.”

“जवसाच्या तेलात?”

“हो. आधी काचेवर वाळवून बघितलं.”

ते थोडे हसले. मी त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं. सासूबाई मुलाला घेऊन आत निघून गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं तिथे काही काम नव्हतं.

“मग पूस ती,” मामंजी म्हणाले. “उजेड आहे तोवर पुन्हा घाल. मी बसतो इथे.”

ते चाचपडत पायरीवर बसले. तोंड चित्राकडे केलं असं त्यांना वाटत होतं, पण ते जरा बाजूला, परसाच्या दाराकडे होतं. मी सांगितलं नाही. मी फडकं घेतलं आणि तगर पुसून काढली.